अर्चीचं माहेर

'सैराट' या चित्रपटाच्या शेवटाबद्दल बोलताना बहुतेक सगळे त्या लहान मुलाच्या रक्ताळलेल्या पावलांपाशी येऊन थांबतात. त्याच्या काही मिनिटं आधी झालेल्या चहाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कित्येक वर्षांनी भाऊ दारात उभा आहे. सोबत नात्यातली माणसं आहेत, आईनं पाठवलेल्या वस्तू आहेत. वेगळ्या जातीतल्या परशाशी पळून जाऊन लग्न केलेली अर्ची गोंधळते, सावरते, त्यांना आत घेते. ती आणि परशा स्वयंपाकघरात चहा करतात, पाहुण्यांच्या हातात कप देतात. बहिणीच्या घरी भाऊ आला की मराठी घरात जे जे होतं, ते सगळं इथे रीतसर होतं. लग्न झालेल्या मुलीला न्यायला माहेराहून जो येतो, त्याला आपल्याकडे मुराळी म्हणतात. सणावाराला उंबऱ्याशी बसून त्याची वाट पाहणं हा कित्येक पिढ्यांतल्या बायकांच्या आयुष्यातला सर्वात हळवा क्षण असतो. नागराज मंजुळे यांनी आपल्या चित्रपटात मारेकरी पाठवले ते मुराळ्याच्या रूपात, ही गोष्ट मला त्या पावलांपेक्षाही जास्त अर्थाची वाटते. 'सैराट'वर गेली अनेक वर्षं जी चर्चा झाली, तिच्यात एक बाजू प्रेमाबद्दल बोलत राहिली आणि दुसरी खुनाबद्दल. या दोन्हींच्या मधे जे आहे, म्हणजे मुलीचं माहेर तुटणं, त्याच्याकडे नीट पाहिलं गेलं नाही. माझं म्हणणं असं, की हा चित्रपट मुख्यतः त्या तुटण्याचा आहे. खून ही त्याच तुटण्याची शेवटची पायरी आहे, आणि जातीची हिंसा जर आपण फक्त खुनापासून मोजायला लागलो, तर तिचा मोठा भाग मोजणीतून सुटतो.

चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला आला. मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, अर्चीचं काम करणारी रिंकू राजगुरू याच जिल्ह्यातल्या अकलूजची, आणि चित्रीकरणाचा मोठा भाग करमाळ्याच्या परिसरातला. शंभर कोटींच्या पुढे कमाई करणारा हा पहिला मराठी चित्रपट. पण त्याच्या यशाच्या आकड्यांपेक्षा त्याचा भूगोल आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचा आहे. भीमेवर उजनी धरण झालं, तालुक्याच्या एका कडेला पाणी पसरलं. त्या पाण्याच्या काठी ऊस आणि केळी आली आणि त्याच पाण्यात जाळी टाकणारी माणसंही जगू लागली. एकाच जलाशयाच्या भरवशावर दोन प्रकारची घरं उभी राहिली. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला हा जिल्हा. इथे ऊस, कारखाना, सोसायटी, कॉलेज आणि निवडणूक या पाच गोष्टी एकाच वाड्यातून चालू शकतात. अर्चीच्या वडिलांचा, तात्यांचा, वाडा असा आहे. परशाचं घर मासे धरणाऱ्याचं. दोघं एकाच कॉलेजात, एकाच वर्गात बसतात, एकाच विहिरीत पोहतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, की अंतर संपत आलेलं आहे. पण त्या वर्गातला एक प्रसंग सगळं सांगून जातो. शिकवत असलेल्या लोखंडे सरांना प्रिन्स, अर्चीचा भाऊ, भर वर्गात थोबाडीत मारतो, आणि घरी त्याबद्दल कुणाला खंत नसते. ज्या घरात मुलगा मास्तरावर हात टाकू शकतो, त्या घरातली मुलगी बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते, बिनधास्त बोलते, मुलाकडे स्वतः पाहते. तिचा हा मोकळेपणा खराच आहे. मात्र तो त्या घराच्या सत्तेनं दिलेला आहे, आणि घर जेवढं देतं तेवढं परतही घेऊ शकतं, हे तिला अजून कळायचं आहे.

माहेर हा शब्द आपण इतक्या मायेनं वापरतो, की त्याचं काम काय असतं याचा विचार करायचं राहून जातं. मायेचं ठिकाण तर ते असतंच. त्यापलीकडे माहेर ही लग्न टिकवून धरणारी एक व्यवस्था आहे. नवराबायकोचं भांडण झालं की बायको चार दिवस माहेरी जाते. त्या चार दिवसांत राग निवतो, कुणीतरी मधे पडतं, भाऊ जावयाशी बोलतो, सासरचं कुणीतरी न्यायला येतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात. पंचमीला, भाऊबिजेला जाणं-येणं असतं, आणि त्या जाण्यायेण्यात मुलीच्या सासरी एक गोष्ट न बोलता पोहोचवली जाते: हिच्या मागे माणसं आहेत. संतांनी पंढरीला माहेर म्हटलं, त्यामागे हीच जाण आहे. जिथे जाऊन थकल्या माणसाला हिशेब न देता टेकता येतं, ती जागा. (ही पंढरी सोलापूर जिल्ह्यातच आहे, आणि त्या माहेराचं दारही काही लेकरांसाठी किती शतकं बंद होतं, हे नामदेव पायरीजवळच्या चोखोबांच्या समाधीपाशी उभं राहिलं की कळतं. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं.) ठरवून केलेल्या लग्नांचा अभिमान बाळगणारे लोक नेहमी सांगतात, की आमची लग्नं टिकतात. ती टिकतात यात दोन माणसांच्या प्रेमापेक्षा त्यांच्याभोवती उभ्या असलेल्या पन्नास माणसांचा वाटा मोठा असतो. पळून जाऊन लग्न करणाऱ्या जोडप्याकडून मात्र आपण अपेक्षा करतो, की त्यांनी या पन्नास माणसांशिवाय, परक्या गावात, रिकाम्या खिशानं तोच संसार तितकाच टिकवून दाखवावा. नाही टिकला तर सांगायला मोकळे, की बघा, असल्या लग्नांचं असंच होतं.

'सैराट'चा, दोघं पळून गेल्यानंतरचा, हैदराबादमधला भाग लांबतो, रेंगाळतो, अशी तक्रार पहिल्या दिवसापासून झाली. गाणी संपतात, पाणी आणि शेतं संपतात, पडद्यावर पत्र्याच्या खोल्या, गटार आणि कामाच्या पाळ्या उरतात. मला वाटतं, चित्रपटाचा युक्तिवाद याच भागात आहे. वाड्यात वाढलेल्या मुलीला सार्वजनिक संडासाच्या वासानं मळमळतं. तिला भाषा कळत नाही. बाटल्या भरायच्या कारखान्यात ती कामाला लागते, सोबतच्या मुलीकडून तेलुगू शिकते. परशा सुमनआक्का नावाच्या बाईच्या डोशाच्या गाड्यावर राबतो. कवितेत रमणारा, क्रिकेटच्या मैदानावर ज्याच्या नावाचा पुकारा होत होता तो मुलगा इथे कुणीच नाही. मग भांडणं सुरू होतात. घरच्या आठवणीनं ती रडते, त्याला तो आपला अपमान वाटतो. तिचं कारखान्यातल्या माणसांशी बोलणं त्याला खुपतं, संशय येतो, आणि एके दिवशी तो तिच्यावर हात उचलतो, तोही लोकांदेखत. इथपर्यंत हे हजारो घरांत घडतं तसंच आहे. फरक पुढे आहे. अर्ची चिडून निघते आणि स्टेशनवर येते. दुसऱ्या कुठल्याही सुनेनं हेच केलं असतं, फक्त तिच्या गाडीच्या दुसऱ्या टोकाला उघडं दार असतं. अर्चीच्या गाडीच्या टोकाला काय आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. आणि खोलीवर एकटा उरलेला परशा गळफासाची तयारी करतो, कारण त्यालाही हाक मारायला कुणी नाही. दोघांमध्ये झालेला रुसवा चार तासांत मरणाच्या दारात जाऊन उभा राहतो. भांडण तेवढं मोठं नव्हतं. ते भांडण झेलायला मधे कुणी नव्हतं म्हणून ते तिथवर गेलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. संशय परशाचा आहे, हात परशाचा आहे. त्याचं खापर जातीवर कसं फोडता? बायकोला मारणारे नवरे सगळ्या जातींत आहेत आणि त्यांची लग्नं वाजतगाजत झालेली असतात. हे खरं आहे. चित्रपटही परशाला सोडत नाही. तो दृश्यात कुठेही त्याची बाजू घेत नाही, आणि मीही घेणार नाही. पुरुषपणाची जी शिकवण प्रिन्सला मिळाली, तिचाच थोडा ओलावा परशाच्या अंगातही मुरलेला आहे, ही मंजुळे यांची निरीक्षणशक्ती आहे. पण चूक करणं आणि चूक सुधारायची संधी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जातीत लग्न करणाऱ्या मुलाला पहिल्या थोबाडीनंतर जाब विचारणारे सासरे आणि मेहुणे असतात, निदान असायला हवेत. परशाला जाब विचारणारं कुणी नाही आणि अर्चीला आसरा देणारं कुणी नाही. म्हणजे माहेर तोडल्यानं मुलीचं जे नुकसान होतं ते दुहेरी असतं: बाहेरच्या जगापासूनचं संरक्षण जातं आणि नवऱ्यापासूनचंही. मुलीच्या काळजीपोटी आम्ही या लग्नाला विरोध केला असं म्हणणारं घर, संबंध तोडून तिला नेमकं जास्त असुरक्षित करून सोडतं. त्या दोघांचं सावरणं सुमनआक्कामुळे शक्य होतं. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेली, मुलाला एकटीनं वाढवणारी, ना नात्याची ना गावची अशी ही बाई त्यांना गुंडांच्या तावडीतून सोडवते, खोली देते, काम देते, रागावते. छाया कदम यांनी ही भूमिका कसलाही गोडवा न लावता केली आहे. माहेर करतं ते सगळं काम ही परकी बाई करते. अर्ची परत येते, दोघांचं नोंदणी पद्धतीनं लग्न होतं, आकाश जन्माला येतो, हळूहळू घरात स्थैर्य येतं. या जोडप्याचा संसार मोडणारच होता, हा दावा चित्रपट इथे साक्षीपुराव्यानं खोडून काढतो. थोडा आधार मिळाला आणि तो संसार उभा राहिला.

तोडण्याची रीतही पाहायला हवी. मुलगी पळून गेली की घरात तिच्या नावानं आंघोळ करतात. माणूस गेल्यावर जे करायचं, ते जिवंत मुलीसाठी. आमच्यासाठी ती मेली, हे वाक्य आपल्या गावागावांत इतकं रुळलेलं आहे, की ते ऐकून कुणी दचकत नाही. तिचा फोटो भिंतीवरून उतरतो, तिचं नाव काढायचं नसतं, आईनं चोरून फोन केला तर घरात आकांत होतो. मला हा मृत्यूचा विधी पुढच्या सगळ्याची पूर्वतयारी वाटतो. जिला समाजानं आधीच मेलेली ठरवलं, तिला प्रत्यक्ष मारणाऱ्याच्या मनातला अडसर तेवढा कमी झालेला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं प्रतिष्ठेपायी होणाऱ्या खुनांची वेगळी नोंद २०१४ पासून सुरू केली. पहिल्या वर्षी देशभरात २८ खून नोंदले गेले, २०१५ मध्ये २५१. एका वर्षात एवढी उडी खुनांनी घेतली असेल असं नव्हे. नोंदवायचं काय, हे पोलिसांना कळायला लागलं असावं. पण नावानं आंघोळ केलेल्या मुलींसाठी कुठल्याही नोंदवहीत रकाना नाही. बाळंतपणात ज्यांच्याजवळ आई नव्हती, ज्यांच्या मुलांना आजोळ माहीत नाही, नवऱ्यानं मारलं तरी ज्या कुठे गेल्या नाहीत, त्या बायका मोजल्याच जात नाहीत. आंतरजातीय लग्नांचं प्रमाण देशात पाच टक्क्यांच्या आसपास असल्याचं २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात दिसलं. उरलेल्या पंच्याण्णवांना जातीतच जोडीदार आवडला असा याचा अर्थ कुणी घेत नाही. तुटण्याची भीती काम करते, आणि ती इतकी नीट काम करते, की बहुतेक वेळा कोयता उचलावाच लागत नाही.

तुटणं फक्त अर्चीच्या बाजूला नाही, हेही मंजुळे यांनी दाखवलं आहे. परशाचा बाप जातीच्या पंचांपुढे गयावया करतो, कारण पोरानं केलेल्या गोष्टीमुळे त्याच्या लेकीशी सोयरीक करायला कुणी तयार होणार नाही. अखेर त्या कुटुंबाला गाव सोडावं लागतं. वरच्या जातीला बदनाम करणारा चित्रपट, हा आरोप 'सैराट'वर २०१६ च्या उन्हाळ्यात आणि त्यानंतर जोरात झाला. आरोप करणाऱ्यांनी पंचांचा तो प्रसंग विसरून चालणार नाही. तिथे शिक्षा देणारे वाड्यातले नाहीत; ज्यांना वाड्यानं आयुष्यभर खाली ठेवलं, तेच आपल्यातल्या एकाला आणखी खाली ढकलतात. जून २०१३ मध्ये नाशकात एका भटक्या जमातीतल्या बापानं जातीबाहेर लग्न केलेल्या, दिवस भरत आलेल्या आपल्या मुलीचा जीव घेतला. त्यामागे जातपंचायतीची दहशत असल्याचं पुढे आलं, आणि तिथून डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी केली. दोन महिन्यांत दाभोलकरांचाच खून झाला. मोहीम थांबली नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा विधिमंडळानं मंजूर केला तो एप्रिल २०१६ मध्ये, 'सैराट' आला त्याच महिन्यात. तोडणं हाच गुन्हा आहे, हे या कायद्यानं निदान पंचांच्या बाबतीत मान्य केलं. घरानं केलेल्या तोडण्याला मात्र कायदा हात लावू शकत नाही. आईनं मुलीशी बोलावं, असा हुकूम कुठलं कोर्ट काढणार?

म्हणून चित्रपटातल्या एका फोनकडे यायला हवं. काही वर्षं गेली आहेत. स्कूटर आली आहे, स्वतःचं घर घ्यायच्या गोष्टी चालू आहेत. अशा वेळी अर्ची आईला फोन करते आणि आकाशच्या हातात देते. तिनं हे का केलं, यावर बऱ्याच लोकांनी हळहळ व्यक्त केली: करायलाच नको होता तो फोन. माझ्या मते ही हळहळ मुळातच उलट्या बाजूनं येते. संकटात असताना तिनं माहेराकडे हात पसरला नव्हता. सगळं मार्गी लागल्यावर, मागायचं काहीच उरलं नसताना, नातू आजीला दाखवावा एवढ्यासाठी ती फोन करते. मुलीनं करावं ते याहून निर्मळ काय असतं? पुढे भाऊ येतो तो त्याच फोनच्या वाटेनं. मायेनं दाखवलेल्या पत्त्यावर मारेकरी पोहोचतात. आईला यातलं काही ठाऊक होतं असं चित्रपट कुठे सुचवत नाही. तिनं दिलेल्या वस्तू खऱ्या मायेच्या असाव्यात. म्हणूनच त्या प्रसंगाचा चटका जास्त आहे. त्या घरातली माया खरी आहे, पण त्या मायेला घरात अधिकार नाही. लेकीचं काय करायचं हे ठरवताना आईला कुणी विचारलेलं नाही.

मराठी प्रेक्षकानं याआधी माहेराचा चित्रपट असाच डोक्यावर घेतला होता. १९९१ चा 'माहेरची साडी' आठवावा. अलका कुबल यांची लक्ष्मी वडिलांच्या मायेसाठी जन्मभर झुरते, आणि ती माया जागी होते ती लेक गेल्यावर. गावोगावच्या बायका डोळ्याला पदर लावून तो बघत होत्या. रडवून मोकळं करणारा चित्रपट म्हणून त्याच्याकडे टीकाकारांनी वरून पाहिलं, पण त्याच्या तळाशी असलेलं निरीक्षण नेमकं आहे: माहेराची भेट मुलीपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. पंचवीस वर्षांनी 'सैराट'मध्ये माहेराची भेट मुलगी जिवंत असताना पोहोचते, आणि ती आणणारेच जीव घेतात. पहिल्या चित्रपटात बापाच्या पश्चात्तापाला जागा आहे, म्हणून प्रेक्षक रडून हलका होऊन उठतो. दुसऱ्यात पश्चात्ताप नाही, समेट नाही; शेवटच्या प्रसंगातून आवाजच काढून घेतलेला आहे, त्यामुळे रडायलाही आधार सापडत नाही. आपल्या कथांमध्ये नातू बघून आजोबा विरघळतात, हा शेवट इतका मुरलेला आहे, की चहाच्या कपापर्यंत प्रेक्षक त्याच आशेवर असतो. मंजुळे यांनी ती आशा मोडली, हा काहींना क्रूरपणा वाटला. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. 'एकदा नातू झाला की सगळं ठीक होईल' हे वाक्य पळून गेलेल्या जोडप्यांना आजही दिलं जातं, आणि त्या वाक्यावर विसंबून कुणी परतलं तर काय होऊ शकतं, हे सांगायची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी होती. हिंदीत २०१८ मध्ये 'धडक' आला तेव्हा कथा उदयपूर आणि कोलकात्याला गेली आणि शेवट बदलला: नवरा आणि मूल मारले जातात, मुलगी वाचते. हा बदल बारीक वाटला तरी त्यानं अर्थ पालटतो. मुलगी वाचली म्हणजे घराचा राग जावयावर होता, मुलगी अजूनही घराचीच होती, असं होतं. 'सैराट'मधल्या घरानं मुलीला केव्हाच पुसून टाकलेलं आहे. तिला वगळायचं कारणच उरत नाही.

असले चित्रपट पाहून पोरं बिघडतात, पळून जातात, हा सर्वात जास्त ऐकू आलेला आक्षेप. त्याला उत्तर म्हणून एक जुनं पत्र पुरेसं आहे. २९ ऑगस्ट १८६८ ला सावित्रीबाई फुल्यांनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं हे पत्र. गावोगाव पोथी वाचत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलं, मुलीला दिवस गेले, आणि गाववाले दोघांना मारून टाकायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजांच्या कायद्याची भीती घालून त्यांनी दोघांचे जीव वाचवले. सिनेमाचा शोध लागायला तेव्हा अजून अवकाश होता. पण त्या पत्रातली आणखी एक गोष्ट माझ्या मुद्द्याच्या जवळची आहे. तडजोड काय झाली, तर दोघांनी गाव सोडून जावं. जीव वाचला, गाव तुटलं, आणि सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवलं. म्हणजे ज्यांना आपलं गाव नाकारतं त्यांना कुणीतरी आपल्या दारात घ्यावं लागतं, हे फुले दांपत्याला तेव्हा उमगलं होतं. पन्नास वर्षांनी, १९१९ मध्ये, राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय लग्नांना कायद्याची मान्यता दिली. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून मिश्रविवाहाकडे बोट दाखवलं. सगळ्यांना दिसत होतं, की जात टिकते ती सोयरिकीच्या जोरावर. जात राखणाऱ्यांनाही ते दिसतच होतं. त्यामुळे जिवावर बेतायला पळून जाणंही लागत नाही. करमाळ्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला शाळेतून ओढून नेऊन मारलं गेलं. गावातल्या वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलला, एवढा संशय पुरला. २०१७ मध्ये साक्षीदार उलटले आणि आरोपी सुटले. 'सैराट' प्रदर्शित झाला तो या घटनेला दोन वर्षं आणि एक दिवस झाल्यावर. त्या मुलाला कुठल्या चित्रपटानं बिघडवलं होतं?

राहतो तो आईबापांच्या दुःखाचा प्रश्न, आणि हा आक्षेप मला इतर सगळ्यांपेक्षा वजनदार वाटतो. वीस वर्षं वाढवलेली मुलगी एका रात्रीत निघून जाते, सांगत नाही, विश्वास ठेवत नाही. हे दुःख खोटं नाही. लोक तोंडावर बोलतात, धाकटीचं लग्न अडतं, बाप पारावर जायचा थांबतो. पण मुलीनं विश्वास का ठेवला नाही, हे विचारताना चित्रपटातलाच पुरावा बघावा. पहिल्यांदा पकडले गेल्यावर तात्या परशावर आणि त्याच्या मित्रांवर सामूहिक बलात्काराची खोटी तक्रार लिहवून घेतात. स्वतःच्या मुलीवर बलात्कार झाला असं कागदावर लिहायला बाप तयार होतो, कारण ती स्वखुशीनं गेली यापेक्षा ते त्याला कमी लाजिरवाणं वाटतं. अर्ची तो कागद फाडते. मुलीपेक्षा नाव मोठं, हे तिनं तिथे बापाच्या हातून लिहिलेलं वाचलं. ज्या घरात सांगितलं तर कोंडून घालतील आणि दुसरीकडे लग्न लावून देतील, त्या घरात न सांगणं हा विश्वासघात होत नाही. दुःखाचा आदर करता येतो; दुःखानं दिलेला अधिकार मान्य करता येत नाही. आणि समेटाची पहिली पायरी कुणी चढायची, याचं उत्तर मला स्पष्ट दिसतं. ज्यानं दार लावलं त्यानं. पळून गेलेल्या मुलीला 'घरी ये, पाया पड, सगळे विसरतील' असं सांगणारे शेजारी, नातेवाईक, कधीकधी पोलीसही, तिला नकळत त्याच चहाच्या कपाकडे पाठवत असतात. तिच्या घरानं आधी तिच्या गावी यावं, उजेडी, चार लोकांसमोर, तिच्या नवऱ्याला नावानं हाक मारून.

तोवर आसरा कुणाचा? विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीत लावली जाते. पळालेल्या जोडप्यासाठी हा महिना म्हणजे शोधायला निघालेल्यांना दिलेला अवधी ठरतो. २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा ठेवण्याचे निर्देश दिले. हे व्हायलाच हवं, आणि कागदापुरतं राहू नये. आंतरजातीय लग्नाला सरकार पन्नास हजार रुपये देतं, तेही द्यावेत. पण अर्ची-परशाला पैशानं किंवा पोलिसानं वाचवलं नव्हतं, डोशाच्या गाड्यावरच्या बाईनं वाचवलं होतं. कुणीतरी खोलीची किल्ली हातात दिली, कुणी भाषा शिकवली, रुसून निघालेल्या मुलीची कुणीतरी वाट पाहिली. अशी घरं प्रत्येक शहरात असतात. सोलापुरातही असतील, कापडगिरण्या आणि मागांच्या ओढीनं तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी माणसं या शहरात शेजारी येऊन राहिली, एकमेकांची भाषा शिकली. असं घर व्हायला लागतं तेवढं शहाणपण इथल्या चाळींत आहे.

आणि आकाश. चित्रपट त्याच्या पावलांवर संपतो, त्याला कुणी उचलून घेतलं हे दाखवत नाही. शेजारणीनं त्याला दारापर्यंत आणून सोडलेलं आहे, ती फार लांब गेलेली नसावी. पुढे पोलीस येतील, पंचनामा होईल. आईबाप गेलेल्या मुलाच्या बाबतीत यंत्रणा आधी जवळचे नातेवाईक कोण आहेत ते शोधते. वडिलांकडचे लोक गाव सोडून कुठे गेले, त्याचा पत्ता नाही. शिल्लक राहतं ते आजोळ. मामाचं नाव, गावाचं नाव, फोन नंबर. फोन नंबर तर आईच्या मोबाइलमध्ये नुकताच लावलेला असेल.